एक बोंबील कमी

प्रिय रिद्धी,

एकाच छपराखाली राहणाऱ्या मुलीला पत्र लिहिणारा बाप अख्ख्या पालघरात मी एकटाच असेन. पण तोंडी सांगायला गेलो की माझं प्रवचन होतं आणि तू चपला शोधू लागतेस. म्हणून हे डब्यात. बोईसरला कॉलेजात डबा उघडशील तेव्हा भेंडीच्या आधी बाप हाती लागेल.

तर ऐक! फ्रिजवर हैदराबादहून गणित शिकायला आलेल्या बोलावण्याशेजारी (शुक्रवारी उत्तर द्यायचंय ना त्याला?) तू चिकटवलेली ती ७३९३९१३३ खरी निघाली! उजवीकडचा एकेक अंक खोडत गेलं तरी उरते ती दर वेळी मूळ संख्याच, आणि याहून मोठी अशी संख्याच नाही, असं सांगून तू निघून गेलीस आणि मला जेवण गोड लागेना. आमच्याकडे ‘अंकानां वामतो गतिः’, अंक डावीकडे चालतात. तुझे उजवीकडून गळतात आणि तरी काही बिघडत नाही, हे संस्कृतच्या मास्तराने मुकाट कसं ऐकावं?

त्र्याहत्तरासाठी दातिवऱ्याच्या रखमाबाईंकडून सुके बोंबील मोजून घेतले आणि ओटीवर वाटे घालायला बसलो. दोनदोनाचे, तीनतीनाचे, पाचाचे, साताचे. दर वेळी काही उरतंच. तिथेच थांबायचं, तर हौसेने आठाचे घातले आणि काय, बरोबर नऊ वाटे! गणितशास्त्राचा पाया उखडल्याच्या आनंदात मी उठून उभा राहिलो. रखमाबाई चहा पीत बघत होत्या. म्हणाल्या, “मास्तर, म्हावरा खायचा का मोजायचा? येक आताच मांजरीनं नेला!”

मग कागद घेतला. ७३९ तासाभरात नमला. ७३९३ला मात्र दोनपासून त्र्याऐंशीपर्यंतच्या तेवीस मूळ संख्यांनी भागलं. साताने भागताना श्वास रोखला होता: एक हजार छप्पन्न वेळा गेला आणि उरला एक. अगं, ओरडलोच मी! पुढच्या चार पायऱ्या शेजारच्या दर्पणच्या संगणकावर तपासल्या, वय झालं.

तुझी आई होती तेव्हा आपण तिघं, ७३९. जयवंती गेली, ७३ उरलो. मोडलो नाही, भाजी करपते, एवढंच.

आता खरं सांगतो. भागाकारासाठी कोरा कागद शोधताना तुझ्या वहीत हैदराबादला लिहिलेला नकार सापडला. ‘घरच्या जबाबदारीमुळे’ असं कारण दिलंयस. साडेपाच फुटांची ती जबाबदारी चष्मा लावून हे लिहिते आहे. त्या नकाराच्या पाठीवरच माझे तेवीस भागाकार झालेत, वर बोंबलाचा वास. तो आता कुठे पाठवण्यासारखा राहिलेला नाही. नवा कागद डब्यात ठेवलाय. होकार लिही.

तुझाच,
शाबूत सात,
बाबा