दुकानात आई म्हणायचं नाही

प्रिय आई,

नमस्कार. मी मजेत आहे आणि दोन्ही वेळा पोटभर जेवते, तेव्हा ती काळजी सोड.

इथल्या शाळेतल्या नववीच्या मुली दर शनिवारी आमच्या शिवणकारखान्यात काम शिकायला येतात. आपल्या दुकानात यायच्या, अगदी तशाच! त्यांच्यात मीही असायचे आणि तू दारातच बजावायचीस, "इथे मी आई नाही, बाई म्हणायचं." वर माझीच शिवण सगळ्यांत जास्त उसवायला लावायचीस. काय राग यायचा तुझा!

काल एक मुलगी कॉलर लावताना अडली आणि तंद्रीत मलाच म्हणाली, "आई, हे बघ ना!" सगळ्या खो-खो हसल्या, ती लाजून चूर. मी तुझ्यासारखा आवाज चढवला, "इथे मी आई..." पुढचं तोंडातून फुटेचना. तिची कॉलर लावून दिली. तू असतीस तर मलाच ओरडली असतीस.

डोळ्यांत औषध घालतेस ना? शाळेने मुली पाठवणं बंद केलंय म्हणतेस, मग सुई कोण ओवून देतं तुला?

सुट्टीत येईन तेव्हा दुकानातही आईच म्हणणार आहे. हवं तर सगळं उसवायला लाव.

तुझं शेंडेफळ