बिनशिंपल्यांचं पार्सल

क्वालालंपूर, सोमवार

प्रिय आई,

मी बरी आहे, उगाच काळजी करत बसू नकोस. शनिवार-रविवार पेनांगला जाऊन आले. ऑफिसातल्या तिलगा आणि बून सिमने ओढूनच नेलं. दोन दिवस नुसतं गाड्यांवर खाणं! तिलगाने तर एकटीने तीन वाट्या लाक्सा, तो आंबट-तिखट शेवयांचा रस्सा, संपवला.

निघताना आपल्या टेककाकांच्या गाडीवर थांबलो. "काय गं, मिळाली का फुरसत तोंड दाखवायला?" म्हणत त्यांनी कढई तापवली. मी सवयीने बोलून गेले, "शेवयांची दोन पार्सलं. एकात शिंपल्या नकोत."

"ठाऊक आहे! बाबांच्या वाट्याच्या शिंपल्या आईच्या पार्सलात. गुडघे काय म्हणतात त्यांचे?"

मी म्हटलं, "बरे आहेत." बाबांना जाऊन तीन महिने झाले, हे सांगायला तोंडच उघडेना. बून सिमने नुसता माझा हात धरला.

आई, रागावू नकोस. येताना बस आपल्या ताइपिंगला थांबली होती. पार्सलं घेऊन मी उठलेही. पण दार तू उघडशील आणि आतून "आली का गं?" ऐकू येणार नाही, म्हणून परत बसले. घर दहा मिनिटांवर होतं.

तुझं पार्सल तिलगाने खाल्लं. बाबांचं अजून फ्रीजमध्ये आहे.

गोळ्या वेळेवर घेतेस ना? मला अजून एकच पार्सल मागता येत नाही. तुला एकटीपुरता भात लावता येतो का गं?

तुझीच,
गैक लेंग