मोठी प्रत

रविवार, १४ नोव्हेंबर १९९३
दुकान, दुपारी दोन

ती. ताईंना नमस्कार.

तुमचं कार्ड बुधवारी मिळालं. तुमचे गुडघे आता बरे असतील. मी ठीक आहे. रविवारी दुकान बंद असतं. सकाळी दहाला येऊन डार्करूममध्ये काम केलं, डबा खाल्ला आणि आता काउंटरवर बसून लिहितो आहे. मागे नळ चालू आहे. बाकी शांत आहे.

कार्डावर दोनच ओळी होत्या. “धाकटीचा हसरा फोटो मोठा करून पाठवा. भिंतीवर लावायचा आहे.” तुमची बहीण गेली त्या दिवसानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. म्हणून दोन ओळीही मी बऱ्याचदा वाचल्या.

तिचे हसरे फोटो घरात नाहीत. फोटोवाल्याची बायको, पण कॅमेरा समोर आला की शाळा तपासायला साहेब आल्यासारखा चेहरा करायची. तुम्हीच तिला चिडवायचात. एकच हसरा आहे, तो शेवटच्या दिवसाचा. नर्सबाईंनी काढलेला. त्या, शिंपीकाका आणि बसचे ड्रायव्हर असे तिघं आमच्या बाहेरच्या खोलीत तिच्याकडे इंग्रजी शिकायला यायचे. नंतर दहा दिवसांनी नर्सबाईंनी रोल माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “शेवटचा फोटो बाईंचा आहे. तुम्हीच धुवा.”

त्या दिवशीचा धडा तिच्या वहीत आहे. मोठं करणं. आपण सगळ्यालाच मोठं करणं नाहीतर वाढवणं म्हणतो. इंग्रजीत प्रत्येक वस्तूचा शब्द वेगळा. फोटो एन्लार्ज करायचा, रस्ता वाइडन, मुदत एक्स्टेंड, आवाज अ‍ॅम्प्लिफाय. भिंगाखाली धरलं तर मॅग्निफाय, कारण तिथे वस्तू आहे तेवढीच राहते, फक्त मोठी दिसते. ती म्हणायची, “आधी वस्तू नीट बघा, मग शब्द लावा. न बघता लावलात की फसलात.”

नर्सबाईंनी नंतर त्या तासाचं सांगितलं. ड्रायव्हर म्हणाले, “बाई, माझं पोट वाढतंय, त्याला काय म्हणू?” ही म्हणाली, “एक्स्पांड म्हणा, आणि घास कमी करा.” शिंपीकाका म्हणाले, “त्यांच्या पँटी उसवून मीच थकलो, त्याला काय म्हणतात ते सांगा आधी.”

एन्लार्जबद्दल तिने सकाळी मला विचारलं होतं. तुमच्या धंद्यात नक्की काय होतं? मी सांगितलं, सगळं एकाच पटीत वाढतं. नाक दुप्पट तर कानही दुप्पट. एकाला झुकतं माप देता येत नाही. तिने ते तसंच वहीत उतरवून घेतलं.

आता फोटोचं सांगतो. नीट वाचा, ताई. मी सव्वीस वर्षं हेच काम करतो आहे.

आधी नेहमीची चार बाय सहाची प्रत काढली. ही मध्ये बसली आहे, दोन्ही बाजूंना शिंपीकाका आणि ड्रायव्हर, तिघंही हसताहेत. हिच्या पाठीमागे, फोटोच्या उजव्या टोकाला, आतल्या खोलीचं दार. दार लोटलेलं आहे. कडेला काळी फट आहे, एक मिलिमीटरची. हिचा चेहरा दोन सेंटिमीटर.

बुधवारी आठ बाय बाराची काढली. सगळं दुप्पट व्हायला हवं. चेहरा चार सेंटिमीटर, बरोबर. फट दोन मिलिमीटर हवी होती. पाच आली.

मला वाटलं, कागद सरकला. पुन्हा काढली. पाच.

शुक्रवारी बारा बाय अठराची काढली. चेहरा सहा. शिंपीकाकांची टोपी, ड्रायव्हरचं घड्याळ, टेबलाची कड, सगळं पट्टी लावून मोजलं. सगळं तिप्पट. फट तीन मिलिमीटर हवी, ती दोन सेंटिमीटर आहे. निगेटिव्हवर भिंग ठेवून पाहिलं, तिथे रेघच आहे, केसाएवढी. कागदावर मात्र दार उघडत चाललं आहे.

फटीत तपकिरी कापडाचा तुकडा दिसतो. खाली बुटाचं टोक.

फोटो कृष्णधवल आहे. तपकिरी मी म्हणतो, कारण तो अ‍ॅप्रन माझा आहे. आत्ताही अंगावर आहे.

ताई, मी तुम्हाला सांगितलं होतं की मी दुकानात होतो, मला काहीच कल्पना नव्हती, ड्रायव्हर धावत आले तेव्हा कळलं. त्या दिवशी तुम्ही एकदाच विचारलंत, “काहीच बोलली नव्हती ती?” मी नाही म्हणालो.

ती बोलली होती. सकाळी वहीत लिहून झाल्यावर म्हणाली, “छातीत दुखतंय, डाव्या हातातही येतंय. डॉक्टरांकडे जाऊया का?” मी म्हणालो, “राईचा पर्वत करू नकोस. दुकान उघडायचंय.” बारा वाजता तिने दुकानात फोन केला. “जमलं तर या,” एवढंच म्हणाली. मी गेलो. मागच्या दाराने आत शिरलो, आतल्या खोलीत त्या दारामागे उभा राहिलो. तास चालू होता. पोटाचा आणि पँटींचा विनोद नर्सबाईंनी सांगितला असं वर लिहिलं, ते खरं नाही. तो मी ऐकला. मग ही इंग्रजीत काहीतरी म्हणाली आणि सगळे मोठ्याने हसले. हीसुद्धा. मला वाटलं, बघा, हसते आहे, आणि मला उगाच धावायला लावलं. दाराला हात न लावता आलो तसा परत गेलो. वीस मिनिटांनी ड्रायव्हर आले.

नर्सबाई अजून म्हणतात, “मी समोर बसले होते हो. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत.” का बोलली नाही ते मला ठाऊक आहे. सकाळी मी तिला गप्प केलं होतं.

ती काय म्हणाली होती, ते मला वहीत सापडलं. यादीतला शेवटचा शब्द एक्झॅजरेट. वाढवून सांगणं. प्रत्येक शब्दापुढे असतं तसं त्याच्यापुढेही तिचं वाक्य आहे. ‘माझा नवरा म्हणतो, मी एक्झॅजरेट करते.’ नर्सबाईंना विचारलं. म्हणाल्या, “त्याच वाक्याला आम्ही सगळे हसलो. तेवढ्यात मी बटण दाबलं.”

म्हणजे तुम्हाला भिंतीवर हवं आहे ते हसू हे आहे.

आज सकाळी सोळा बाय चोवीसची काढली. मनात आलं होतं, उजवी कड चार बोटं कापली की दार गेलं. कापणं हे आमचं रोजचं काम, कुणालाही कळलं नसतं. कापली नाही. लाल दिव्यात ट्रेमध्ये कागद टाकला. आधी तिचे दात आले, मग डोळे, मग शिंपीकाकांची टोपी. दाराची बाजू उमटायला लागली तशी मी मान फिरवली. चिमट्याने उचलून पुढच्या ट्रेमध्ये आणि मग धुण्याच्या पाण्यात पालथी सोडली. या वेळी दार किती उघडलं आहे, मला माहीत नाही. आधीच्या हिशोबाने उघडलं असेल तर तिथे माझा चेहराही मावतो.

प्रत उद्या दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पत्रासोबत पाठवतो. लावायची की नाही ते तुम्ही ठरवा. मला उत्तर नाही पाठवलंत तरी चालेल. पण प्रत मिळाल्यावर ती फट पट्टी लावून मोजा आणि आकडा तेवढा कळवा. मला माझ्या मोजण्याचा भरवसा राहिलेला नाही.

मी तिला गप्प केलं. हे कमी करून लिहिलेलं नाही, वाढवूनही नाही.

तिचा नवरा

ता. क. अर्ध्या तासाहून जास्त वेळ झाला, प्रत धुऊन झाली असेल. तुमच्याआधी मी बघायला हवी. नळ बंद करतो आणि ती उलटी करतो.