बाबांना ‘तो’ म्हणायचं की ‘ते’

५ ऑक्टो., रवि., रेडमंड
पुन्हा तेच पान. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात एका अमेरिकन विनोदी लेखकाचा लेख मराठीत करून वाचायचाय. मीच हो म्हटलं, आता भोगा. याचं इंग्रजी इतकं साधं, वाटलं तासाभराचं काम. चेहरा न हलवता थापा मारतो. वडील पाव आणायला गाडी घेऊन निघतात, वाट चुकतात, कबूल करत नाहीत. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या राज्यातून फोन: इथला पाव ताजा आहे. बस. हसायचं कुठे तेही सांगत नाही.
मराठीत ‘ते पाव आणायला गेले’ लिहिलं की वडील एकदम सत्यनारायणाला आलेले पाहुणे. ‘तो’ लिहिलं की मी कार्टी.

७ ऑक्टो., मंगळ.
ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून तो/ते, तो/ते. समीर म्हणाला, "यार, आपली सई बापाला ‘तू’च म्हणते की. मी मेलो का?" नवऱ्याला काय जातंय. आमच्या नाशिकच्या घरी बाबांना अहो-जाहोच. आणि ते सध्या इथेच आलेत, वरच्या खोलीत.
शेवटी ‘तो’ ठेवलं. वाक्यं लगेच पळायला लागली.

११ ऑक्टो., शनि.
मधे एक जागा लंगडत होती. तिथे माझं घुसडलं: तो शेजाऱ्याच्या दाराला किल्ली लावून बघतो आणि घरी येऊन सांगतो, कुलूप बिघडलंय. हे लेखकाचं नाही. गेल्या आठवड्यात बाबांनी केलेलं. आमच्या रांगेतली घरं सगळी एका रंगाची, त्यात पाऊस, चष्मा ओला. जन्मभर पोस्टात लोकांचे पत्ते शोधलेला माणूस.
मंडळाच्या शुभदाकाकूंना फोनवर वाचून दाखवलं. किल्लीच्या वाक्याला ठसका लागेपर्यंत हसल्या. "हे त्याचं बेस्ट आहे गं." त्याचं! खरं न सांगताच फोन ठेवला. सुखावले, खरं तर.
वळले तर बाबा जिन्यावर, हातात रिकामा कप.

१२, रवि.
बाबा फिरायला गेले नाहीत. "पाऊस आहे." पाऊस रोजच असतो.

१५, बुध.
आजही नाही. सई शाळेतून आल्या आल्या, "आजोबा, वॉक?" "नको गं, पाय दुखतोय." ती माझ्या कानात: "हिज लेग इज फाइन, आई."
संध्याकाळी समीरला विचारत होते, परतीचं तिकीट अलीकडे आणता येईल का. मला नाही, समीरला.
चहाला बसल्यावर म्हटलं, बाबा, ते भाषांतर आहे. अमेरिकन लेखकाचे वडील. कपात बघत म्हणाले, "असतील. ‘तो’ मात्र तू म्हणालीस." किल्लीचं नावही काढलं नाही. लाज वाटली. आणि त्या लाजेतही वाटत राहिलं, वाक्य चांगलं होतं. कसली मी...

१८, शनि.
किल्ली काढली. सगळीकडे ‘ते’ केलं. वाचून पाहिलं. श्रद्धांजली झालीय.
लेखक घरच्यांची टर उडवतो, पण आधी स्वतःची उडवून झालेली असते. इतक्यांदा वाचून आज दिसलं. माझ्या पानात मूर्ख एकटे बाबाच, मी कुठेच नाही. काकूंना मेसेज लिहिला, जमणार नाही म्हणून. पाठवला नाही. बाबा खिडकीशी बसलेले, बाहेर लख्ख ऊन.

२४, शुक्र.
उद्या कार्यक्रम. आता काकूंना ‘जमणार नाही’ असं कळवायचंच, हे ठरवून खाली आले. बाबा डायनिंग टेबलाशी, माझे कागद पुढ्यात, हातात पेन्सिल.
"किल्ली कुठे गेली?"
काढली.
"का? शुभदाबाई तर त्यालाच हसल्या."
कागद माझ्याकडे सरकवले. प्रत्येक ‘ते’ खोडून ‘मी’ केलेलं. मी पाव आणायला गेलो. आणि समासात, पोस्टातल्या त्या बारीक अक्षरात: मी शेजाऱ्याच्या दाराला किल्ली लावून पाहिली.
"उद्या मी वाचतो," म्हणाले.
उभं राहून वाचून दाखवलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. किल्लीपाशी मला हसू फुटलं. ते थांबले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, माझं हसू विरेपर्यंत पाहिलं, आणि पुढे वाचायला लागले.
त्यांना हे न हसता हसवणं जमलंय, की ते अजून रागावलेलेच आहेत? विचारायचं धाडस झालं नाही. काकूंना कळवलं, वाचणार बाबा.