कुंदाला मांडवात मीच उचलणार

पहूर,
महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, उपास सोडून

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या शालिग्रामचा साष्टांग दंडवत. (आता मध्ये पोट येत नाही, त्यामुळे हा दंडवत खराखुरा आठही अंगांनी घातलेला समजावा, मागच्या सगळ्या पत्रांतले गुडघ्यांवरच उरकले होते.) दाजींचा खोकला, तुझी कंबर आणि म्हशीची लाथ मारायची खोड, तिन्ही बरी असतील अशी आशा आहे. आमच्याकडे सगळं ठीक आहे.

तुझं रागाचं पत्र पोहोचलं. धुळ्याच्या तालमीत लंगोट लावून तांबड्या मातीत उताणा पडलेला जो माणूस आपल्या निंबाला दिसला, तो मीच. शालिग्रामसारखा वाटला पण निम्माच होता, हे त्याचं म्हणणंही खरं आहे. भाऊ धुळ्यात येतो आणि बहिणीचा उंबरा टाळून मातीत लोळतो, याचा तुला संताप आला तो रास्तच. पण अक्का, मी घरी आलो असतो तर तू मांडे केले असतेस, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून माझ्या पोटाची पिशवी एवढीशी करून ठेवली आहे. (आत वहीला मारतात तशा टाचण्या मारल्या आहेत. पहुरात मात्र सगळ्यांची खात्री आहे की उरलेलं पोट डॉक्टरांनी मुंबईत ठेवून घेतलं.) वाटीभर वरणात मला ढेकर येतो. तुझ्या ताटाला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही, म्हणून परस्पर तालमीत गेलो.

सगळी धावपळ कुंदाच्या लग्नासाठी आहे. वैशाखातली आखाजी झाली की लग्न, आणि मामानं नवरीला दोन्ही हातांवर उचलून बोहल्यापर्यंत न्यायचं हा आपल्याकडचा मान. थोरल्या लताच्या वेळी मी तिला असं ऐटीत नेलं की वऱ्हाडी उभे राहून बघत होते. खरं सांगू का? तेव्हा हातांना काही कामच नव्हतं. लता निवांत माझ्या पोटावर बसली होती. आता वजन उतरलं, साखर उतरली, जिना चढताना देव आठवत नाही, सगळं झकास. पण भाचीला ठेवायची जागाच गेली! कातडं तेवढं जुन्या मापाचं राहिलं आहे, ते सदऱ्याखाली घडी घालून खोचावं लागतं. आणि हा निंबा (चुलत का होईना, तोही मामाच) तुझे कान भरतोय, की शालिग्राम आजारी दिसतो, कुंदाला मीच उचलतो. अक्का, ते होणे नाही. कुंदा माझ्या मांडीवर वाढलेली पोर आहे. डॉक्टरांनीही आता वजन उचलायला हरकत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा अंग घट्ट करण्यासाठी मी व्यायामशाळा शोधायला निघालो.

आधी जळगावला गेलो. तिथे रुपचंदशेठ म्हणून एकांनी नवा हेल्थ क्लब काढला आहे. चारी भिंतींना आरसे. मी एकटाच आत गेलो आणि सदरा काढून बघतो तर आमची अख्खी भाऊबंदकी उघडी उभी. मग त्यांनी मला जागच्या जागी चालायच्या यंत्रावर चढवलं. (पहुराहून एसटीत उभं राहून जळगावला यायचं आणि तिथे चालून कुठेच पोहोचायचं नाही, हे मला काही पटलं नाही.) लेंगा जुना, नाडी लांब, ती पट्ट्यात गेली आणि लेंगा माझ्याआधी चालू लागला. मी रुपचंदशेठच्या गळ्यात! पण माणूस उमदा. समजावून सांगायला सोबत नेलेला माझा जाडेपणीचा फोटो बघून त्याला इतका आनंद झाला की त्यानं फी माफ केली. अट एकच, जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावून खाली क्लबचं नाव घालायचं. मी म्हटलं, अहो, मी आजच आलोय. तर म्हणे, ते लोकांना कुठे माहीत आहे? मी लेंगा धरून जिना उतरलो. फोटो मात्र तिथेच राहिला.

मग तुमचं धुळं. जीवराम उस्तादांनी दंड चाचपला, पोटाचं कातडं चिमटीत धरून ताणून पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, हाई बठ्ठं कातडं शे, आंग कोठे शे?" सगळं कातडंच निघालं, तरी त्यांनी नारळ घेतला, आणि तालमीच्या रिवाजाप्रमाणे नव्या चेल्याला बदाम घातलेलं दूध दिलं. केवढा तो तांब्या! मी दोन घोट घेऊन खाली ठेवला, तर उस्तादांना वाटलं दुधाचा अपमान झाला. त्याच रागात त्यांनी भाची समजून एक पैलवान माझ्या हातांवर ठेवला. पुढचं निंबानं पाहिलंच आहे.

घरी आलो तर तुझी भावजय म्हणाली, मळ्यात केळीची कापणी चालू असताना वजन शोधायला गावोगाव कशाला फिरता? तेव्हापासून रोज एक घड दोन्ही हातांवर घेऊन विहिरीपासून रस्त्यापर्यंत जातो. चिकाचे डाग पडू नयेत म्हणून तिनं घड तिच्या जुन्या शालूत गुंडाळून दिला. (नवरी रेशमात निसटते, त्याचीही सवय हवीच.) पावलांना ठेका राहावा म्हणून मी तोंडानं मंगलाष्टकं म्हणतो. हे शेजारच्या शेवंताबाईनं बांधावरून पाहिलं आणि तासाभरात पहूरभर झालं, की शालिग्रामभाऊंनी पोट कमी केलं, तालीम केली, आणि आता पत्रिकेतला मंगळ काढायला केळीशी लग्न लावतायत, म्हणजे दुसरी बायको येणार. बातमी भडगावला, माझ्या सासुरवाडीला पोहोचली. परवा तुझ्या भावजयीचे दोघे भाऊ दारात हजर! बसले नाहीत, पाणी नाही, एकदम, "दाजी, दुसरी नवरी कोन शे?" मी शालू सोडून घड दाखवला. हसून हसून तुझी भावजय ओसरीवर बसली. मग त्यांना भरीत खाऊ घातलं. माझ्या वाट्याचंही त्यांनीच खाल्लं.

तर निंबाला कळव, मामा तयार आहे. दाजींना नमस्कार, कुंदाला पोटभर आशीर्वाद. (पोट आताचं धरू नये, मागचं धरावं.)

तुझा,
शालिग्राम

ता. क. बोहलं यंदा मांडवाच्या टोकाला न घालता घराच्या दारालाच चिकटून घालता आलं तर बघ. उन्हाचं बरं पडेल.

आणखी एक. कुंदाचे दागिने बोहल्यावर पोहोचल्यावर घातले तर शास्त्राला चालतं का, तेही भटजींना हळूच विचार. माझं नाव सांगू नको.

अक्का, मी पुष्पा. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून खाली लिहिते. बोहल्याचं मनावर घेऊ नका, हवं तिथे घाला. परवा माझ्या भावांची खात्री पटावी म्हणून यांनी घड ठेवला आणि त्यांच्यादेखत मलाच उचलून ओसरीपासून विहिरीपर्यंत नेलं. कुंदापेक्षा माझं वजन जास्तच भरेल. पण विहिरीशी पोहोचल्यावर हे मला खाली ठेवीचनात. पाहते तर डोळ्यांतून धारा, आणि आपलं एकच, आता कुंदी जाणार, आता कुंदी जाणार. शेवटी भावांनी मला सोडवून घेतलं. तेव्हा उचलायची काळजी करू नका. खाली ठेवायच्या वेळी मात्र निंबाभाऊंना जवळ उभं करा.