नावानंतरची शांतता

हार्लेनबुर्ग
गुरुवार, १५ मे

प्रिय विबके,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. बोर्कुम बेटावर अजून गार वारा आहे आणि तरीही तू पेशंटांना घेऊन बंधाऱ्यावर फिरायला जातेस, हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही ठीक आहोत. बाजारात पांढरा अ‍ॅस्परॅगस आलाय, शाळेत तोंडी परीक्षा चालू आहेत. शनिवारी हंगामातला शेवटचा फुटबॉल सामना. जिंकलो तर बुंडेसलीगात राहू, नाहीतर दुसऱ्या श्रेणीत.

फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू माझा आवाज लगेच ओळखतेस. स्टेडियमभर घुमणारा आवाज आहे, पण तुझ्यापासून काही लपवायचं असलं की चिरकतो.

त्यार्क जेवतो का, असं तू विचारलंस. जेवतो. तुझा लेक काल संध्याकाळी आमच्याकडेच होता. बटाटे कच्चे राहिले म्हणून मला बोलला आणि दोनदा वाढून घेतले.

बाकीचं मी तुला सांगितलेलं नाही. मार्चमध्ये शेजारच्या शहराच्या संघाविरुद्ध शेवटच्या मिनिटाला त्याच्या पायाला लागून चेंडू आपल्याच गोलात गेला, तेवढं तुला माहीत आहे. सामन्याआधी स्टेडियमच्या माइकवर मी खेळाडूंची नावं कशी पुकारतो तेही माहीत आहे: पहिलं नाव मी म्हणायचं, आडनाव लोकांनी. त्यानंतरच्या घरच्या सामन्यात मी ‘त्यार्क’ म्हटलं आणि शिट्ट्या आल्या. त्याच्या पुढच्या सामन्यात शिट्ट्याही नाहीत. दक्षिण स्टँडच्या म्होरक्याने हात वर केला आणि सगळा स्टँड गप्प. इतर स्टँडही गप्प. इतकी माणसं एकदम गप्प झाली की छताखालच्या कबुतरांचे पंख ऐकू येतात. ‘ब्रुन्स’ असं कुणीच म्हटलं नाही. तू त्याला आपलंच आडनाव दिलंस, म्हणजे माझंही तेच, पण मीही म्हटलं नाही. पुढच्या खेळाडूचं नाव घेतलं.

बेकरीतल्या बाई परवा म्हणाल्या, “ब्रुन्स सर, भाच्याला सांगा, मैदानावर गोल दोन असतात. आपला कुठला ते आधी विचारून घे म्हणावं.” रांगेतले सगळे हसले. मीही हसलो. का हसलो, ते अजून कळलेलं नाही.

मंगळवारी सकाळी सरावाच्या मैदानात कुणीतरी लाकडी क्रूस रोवून ठेवला होता, कबरीवर असतो तसा. त्यावर त्यार्कचा पाच नंबर आणि या शनिवारची तारीख. तेव्हापासून त्याच्या घराखाली पोलिसांची गाडी असते. पोलीस म्हणतात, असले प्रकार होतात, त्यातून बहुतेक वेळा काही घडत नाही. मी इतिहास शिकवतो, विबके. ‘बहुतेक’ या शब्दात किती माणसं मावतात ते मला माहीत आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. काल शाळा सुटल्यावर मी कोचकडे गेलो. म्हटलं, त्यार्कला शनिवारी बाहेर बसवा, त्याला झोप लागत नाही, चेंडू जवळ आला की त्याचे पाय आखडतात. झोपेचं खरं होतं. पायांचं मी रचलं.

कोचने विचारलं, “हेनिंग, हे तू मामा म्हणून सांगतोयस की त्याने पाठवलंय?”

“त्याने पाठवलंय,” मी म्हणालो.

“बरं झालं. मला वाटलं होतं, हा पोरगा स्वतःहून कधी सांगायचा नाही.”

आणि त्याच संध्याकाळी तो जेवायला आला. ताटं विसळता विसळता म्हणाला, “मामा, शनिवारी माझ्या नावानंतर थांब. मागच्या वेळी तू पळालास.”

“कुणीच काही बोललं नाही तर?”

“नको बोलू दे. तू मात्र पळू नकोस.”

“तुला भीती वाटत नाही?”

“वाटते की. नाहीतर तुझ्या हातचं जेवायला कोण येतंय?”

तेव्हा सांगायला हवं होतं. मी ताटं पुसत राहिलो. तो निघाला, आणि त्याच्या मागोमाग पोलिसांची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी खिडकीत उभा होतो.

उद्या सरावानंतर कोच संघ सांगणार. मी गप्प राहिलो तर त्यार्क सुखरूप बाकावर बसेल आणि ड्रेसिंगरूममधला प्रत्येक जण समजेल की त्याने गयावया करून सुटका मागितली. बोललो तर तो खेळेल, आणि तो क्रूस ज्याने रोवला तोही तिकीट काढून आत आलेला असेल. मी त्याच्या जिवाला भितो म्हणून हे केलं, असं स्वतःला सांगतो. पण ती शांतता मलाच पुन्हा ऐकायची नव्हती, हेही कारण असेल. किती असेल, ते ठरवता येत नाही.

उद्या सकाळी आधी त्यार्ककडे जाणार आहे, मग कोचकडे. दोघांनाही खरं सांगणार. हे पत्र बोटीने तुझ्याकडे शनिवारी सकाळी पोचेल, म्हणजे तुला मला अडवता येणार नाही. निर्णय त्याच्या आईचा होता म्हणशील, तर तेही बरोबर आहे. फोन समोरच आहे, तरी मी लिहितोय. भीती वाटते, तू ‘नको’ म्हणशील आणि मला ते ऐकून हायसं वाटेल.

शनिवारी रेडिओ लावू नकोस, असं लिहिणार होतो. लाव. साडेतीनच्या थोडं आधी मी त्याचं नाव घेईन आणि थांबेन. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही, तर रेडिओ बिघडला असं समजू नकोस. मी तिथेच असेन.

भीत भीत,
तुझा
हेनिंग