अजिंक्यच्या अंगातली भांग

पूर्णगड,
१५ मार्च २००२

ती. कमलाताईस,

भास्करचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत (कसे बरे, ते खाली येईलच). तुझे गुडघे काय म्हणतात? पुण्यातली थंडी सरली, म्हणजे आता थोडं ऐकत असतील. लॅबोरेटरीत दिवसभर लोकांच्या बाटल्या तपासून तू कंटाळत असशील, तरी आणखी एका बाटलीविषयीच लिहितो आहे.

महाशिवरात्रीला आपल्या देवळात थंडाईची दोन पातेली असतात, एक भांगेचं आणि एक साधं, हे तुला आठवत असेल. ओळखू यावं म्हणून साध्या पातेल्याला बेलाची माळ घालतात. यंदा गुरवाला वाटलं, महादेवाला दाखवायचं भांगेचं पातेलं भुंडं आणि बायकांचं नि माझ्यासारख्या सोवळ्यांचं मात्र माळ घातलेलं, हे बरं दिसत नाही. त्याने कुणालाही न विचारता माळ उचलून दुसरीकडे घातली. झालं. भांग घोटणारा लवू आणि त्याची मंडळी पेल्यांवर पेले रिचवून, यंदा बदामच जास्त पडले अशी कुरकुर करत सरळ चालत घरी गेली. इकडे बायकांच्या भजनात एकच ओळ अर्धा तास चालली. आपली आनंदीवहिनी (दादा बोटीवर गेला की ती फारशी हसत नाही) समईकडे बघून पोट धरून हसत होती.

एवढ्यावर भागलं असतं तर मी पत्र लिहायला बसलो नसतो. पण तिचा अजिंक्यही त्याच पातेल्यातलं प्यायला. पुढच्या आठवड्यात मुंबईला त्याची बोटीची मेडिकल आहे, आणि तिथे हल्ली लघवीत भांग-गांजा शोधतात. सापडला की नोकरी गेली. वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही सायन्स शिकवता, ती किती दिवस राहते ते सांगा." तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं मी अन्न पचेपर्यंतच शिकवत आलो आहे, पुढचं मलाच ठाऊक नाही.

खरं सांगतो ताई, मला काळजीपेक्षा कुतूहलच जास्त आहे. नशा उतरल्यावरही भांग मागे राहते, म्हणजे नेमकी कुठे राहते? आणि राहून काय करते? लवूचं म्हणणं, "एक झोप काढली की काय ऱ्हात नाय, मास्तर." गुरवाचं म्हणणं, प्रसाद बाधतच नाही तर सापडेल कसा. अजिंक्यच्या मुंबईच्या मित्राने फोनवर सांगितलं की ती चरबीत मुरते आणि रोज घेणाऱ्याची तर महिना महिना निघत नाही. हे ऐकल्यापासून वहिनीने पोराचं तूप बंद केलं आहे. सकाळी ताक, दुपारी सोलकढी, मधल्या वेळात शहाळी. शिवाय चरबी झडावी म्हणून त्याला रोज किल्ल्यावर पळवायचं काम माझ्याकडे दिलं आहे. तो पळतो, मी दगडावर बसून विचार करतो. वहिनीला म्हटलं, तुझ्यातली उतरली का? तर म्हणाली, "माझी कोण तपासतंय?"

तर एकदाच प्यालेली भांग किती टिकते, ते तुझ्या अनुभवावरून उलट टपाली कळव.

तुझा,
भास्कर

ता. क. पाकीट बंद करण्याआधी हे अजिंक्यला वाचून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, ती जास्त टिकायला काय खावं?" पहिल्या घोटालाच त्याने चव ओळखली होती, दुसरा पेला त्याने मागून घेतला. त्याला बोटीवर जायचंच नाही. दादासारखं पाहुणा म्हणून घरी यायचं नाही, इथे राहून आपली आंब्याची कलमं बघायची आहेत. आईला सांगायचा धीर होत नाही.

ता. ता. क. वहिनी फक्त तुझं ऐकते, म्हणून मेडिकलच्या आधी तू स्वतः ये आणि तिच्याशी बोल. पोर इथेच राहील या विचारानेच मला फार आनंद झाला आहे. पण तिने ऐकलं नाही, तर भांगेखेरीज आपल्याला आधार नाही. तेव्हा ती दोन-चार दिवसांत जात असेल, तर मला अंगणात बोलावून हळूच सांग, म्हणजे वेळेत लवूकडे जाता येईल.